शिंगवाली बाई

टीव्हीवरच्या एका जुन्या अंतराळ-मालिकेचे आम्ही चाहते; माहितीपटात आमच्या संमेलनाला सात मिनिटं मिळाली, आणि सातही मिनिटं मीच होते. डोक्यावर रबरी शिंगं, अंगाभोवती हॉटेलची चादर, नाश्त्याच्या टेबलावर उभी राहून त्या मालिकेतलं युद्धगीत भसाड्या आवाजात गाणारी. बाकीची दीडशे साधीसुधी माणसं कुठेच नाहीत.

लगेच क्लीव्हलंडहून बहिणीचा फोन. "डोरीन, पन्नाशी उलटली ना गं तुझी? आमच्या चर्चमधल्या सगळ्या बायकांनी बघितलं. दरवर्षी असंच करता तुम्ही?"

"छे! शिंगं पहिल्यांदाच लावली. खाज सुटते फार."

"मग नेमकं कॅमेऱ्यासमोरच कसं सुचलं?"

काय सांगणार? आमचा वेंडेल दर संमेलनात कोपऱ्यातल्या टेबलाशी बसतो. समोरच्या खुर्चीवर बायकोचा मालिकेतल्यासारखा निळा गणवेश नीट मांडून ठेवतो, पुढ्यात तिच्यासाठी पॅनकेक. मग तिला वर्षभराच्या बातम्या सांगतो. ती जाऊन सहा वर्षं झाली. त्याचं सांगून होईपर्यंत आम्ही कुणी त्या बाजूला फिरकत नाही. त्या सकाळी कॅमेरेवाल्याने त्याला पाहिलं, हसत आपल्या सोबत्याला कोपराने ढोसलं आणि कॅमेरा तिकडे वळवला. मी बाजूच्या विक्रीच्या टेबलावरची शिंगं उचलली, एका टेबलावरची चादर ओढून गुंडाळली आणि नाश्त्याच्या टेबलावर चढले.

"ऐकतेयस ना? नाव घालवलंस आपलं!"

"एक सांग, त्यात वेंडेल दिसला का गं तुला?"

"कोण वेंडेल?"

"काही नाही," मी म्हटलं, "शिंगं छान दिसत होती ना?"