अंगठाबहाद्दर

फोनने शिरीषचा अंगठा पुन्हा नाकारला. त्याने अंगठा शर्टाला पुसून परत टेकवला. फोन थरथरला आणि बंदच राहिला.

अंगठ्यावर रेषा उरल्याच नव्हत्या. बोटांच्या कडेला पाण्याचे बारीक फोड उठायचे, जीव नकोसा करणारी खाज सुटायची, मग फोड फुटून कातडी सोलून निघायची. तळपायांचंही तेच. डॉक्टरांनी फोनवरच निदान केलं होतं. एक्झिमा. कुणाला लागणारा नाही, पण चिवट. मनावर ताण आला की उसळतो. त्यांनी लिहून दिलेलं मलम कपाटात तसंच पडून होतं. जानेवारीत चित्रा कोविडने गेली आणि शिरीषने स्वतःसाठी काही करणंच सोडून दिलं. हात कसे आहेत म्हणून कुणी विचारलं, की तो डून लेरीतल्या आपल्या आयरिश शेजाऱ्यांसारखं ‘ग्रँड’, म्हणजे एकदम मजेत, म्हणायचा आणि हात टेबलाखाली नेऊन खाजवत बसायचा.

फोन चित्राचा होता. घरातले सगळे व्हिडिओ तीच काढायची. त्यामुळे ती दिसायची कुठेच नाही, पण प्रत्येक व्हिडिओत मागून तिचा आवाज असायचा. शिरीषला तिचं बोलणं आठवत होतं, आवाज आठवेनासा झाला होता. पिन त्याला कधीच माहीत नव्हता. "तुझ्या लक्षात राहायचा नाही. दे इकडे अंगठा," असं म्हणून तिने त्याचा अंगठा आपल्या फोनवर नोंदवून घेतला होता आणि वर ती त्याला अंगठाबहाद्दर म्हणायची. चार्टर्ड अकाउंटंट माणसाला.

"अनु, तुला आईचा पिन माहीत आहे का गं?" त्याने पंधरा वर्षांच्या मुलीला विचारलं.

अनुष्का त्याच्या हातांकडे बघत होती. "नाही, बाबा. पण कातडी नीट आली की अंगठा चालेल ना."

मोबाइलच्या दुकानातला माणूस म्हणाला, उघडून देतो, पण आतलं सगळं पुसलं जाईल. शिरीष फोन घेऊन परत आला आणि त्याने मलमाचं सील फोडलं.

मग मात्र त्याने हे काम वर्षअखेरच्या हिशेबासारखं अंगावर घेतलं. अनुष्का टबात औषधाचं जांभळं पाणी करून द्यायची, तो त्यात पाय सोडून बसायचा. पायाची नखं तपकिरी झाली. सुगंधी साबण घरातून गेला. भांडी घासताना रबरी हातमोजे, झोपताना मलम थापून वर सुती हातमोजे आणि पायमोजे.

"चोर दिसतोस," अनुष्का म्हणायची.

"चोराला इतकी खाज सुटली असती तर कधीच सापडला असता."

खाजेचा उमाळा आला की तो मुठी आवळून बसायचा. एकदा बरं वाटतंय म्हणून त्याने मलम सोडलं आणि आठवड्यात फोड परत आले. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. रोज सकाळी अनुष्का फोन चार्ज करून मलमाशेजारी ठेवायची. रोज तो अंगठा टेकवायचा आणि रोज फोन नाही म्हणायचा.

जूनमध्ये एका सकाळी फोन उघडला.

पहिल्याच व्हिडिओत बंदराच्या धक्क्यावरचा वारा घोंघावत होता आणि त्यातून चित्रा बोलत होती. "शिरीष, पोट आत घे. अजून. अजून. जाऊ दे, एवढंच जाणार."

दोघं हसली. मग शिरीषने तो व्हिडिओ पुन्हा लावला.

दुपारी त्याने नागपूरला मेहुणीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. त्याचा आवाज कितीतरी महिन्यांनी चढा लागला होता. "वृंदा, दुकान नाही, कुणाची मदत नाही. माझे हात मी बरे केले आणि माझ्या अंगठ्याने उघडला. चिकाटी लागते."

"कमाल केलीत, भाऊजी." वृंदा रडत होती आणि हसतही होती. मग ती थांबली. "पण काय हो, ताईने आम्हा दोघींना सारखेच फोन घेतले होते. माझा तर तीन-चार दिवस पिन टाकला नाही, तर अंगठा घेतच नाही. आधी पिन मागतो."

शिरीषने मान वळवली. अनुष्का सिंकपाशी टबाचे तपकिरी डाग घासत होती. तिचा हात थांबला होता.

"अनु, पिन कोण टाकत होतं?"

"मी. रोज सकाळी, चार्ज करताना. नाहीतर तुझा अंगठा चाललाच नसता."

"तुला माहीत होता? मग मला दिला का नाहीस?"

"दिला असता, तर मलम लावलं असतंस?"

शिरीषने आपल्या तळहातांकडे पाहिलं. कातडी नवी होती, गुलाबी, अखंड. रेषा स्पष्ट दिसत होत्या. तो म्हणाला, "म्हणजे इतके महिने तू एकटीच आईला ऐकत होतीस."

"नाही." अनुष्काने टब उपडा करून ठेवला आणि हात पुसले. "पिन टाकायचे आणि लगेच बंद करायचे. तू खाजवायचं नाहीस आणि मी ऐकायचं नाही, असं ठरवलं होतं मी."