७८ नंतर

“एकोणऐंशी म्हणजे... एटी-नाईनच ना?” पोलीसबाईनं स्वतःशीच पुटपुटत विचारलं. इंग्रजी शाळेत शिकलेली पोर ती.

जळगावच्या त्या ठाण्याच्या भिंतीवर बेवारस प्रेतांचे फोटो ओळीनं लावलेले होते आणि त्यांखालचे आकडेही तिच्याच हातचे. ‘एकोणऐंशी नंबरचा फोटो बघून जा,’ असा फोन आल्यावर अभिमन मास्तर पारोळ्याहून बायकोला, ताईबाईंना, घेऊन आले होते. त्यांचा मुलगा ललित होळीपासून बेपत्ता. ताईबाईंचं काळीज आधीच नाजूक, धक्का सोसायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण ऐकतील तर त्या ताईबाई कसल्या!

पोलीसबाईनं ओळीच्या टोकाला बोट दाखवलं. ८९. पांढऱ्या दाढीचा म्हातारा.

“हाऊ मना ललित नही!” ताईबाई रडता रडता हसल्या. “मना पोऱ्या जित्ता शे!”

मास्तरांचाही जीव भांड्यात पडला. पण उभा जन्म पोरांकडून उजळणी घोकून घेतलेली, खोड जाते कुठे! नजर आपसूक ओळीत मागे गेली. ७६, ७७, ७८, ८९, ८०.

मधेच ८९? अरे देवा! हवालदारानं एकोणऐंशी सांगितलं असणार आणि या पोरीनं लिहिलं भलतंच. मास्तरांनी वर पाहिलं. त्या आकड्यावर ललितच होता. डोळे मिटलेला.

 फोटो झाकला जाईल असे ते ताईबाईंसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “चला, एसटी चुकेल.”

उद्या एकट्यानं यायचं. पोराला अग्नी द्यायचा आणि घरी अवाक्षर काढायचं नाही. ती जगेल तोवर तिचा ललितही जगू दे, असं त्यांनी ठरवून टाकलं.

एसटीत ताईबाईंच्या तोंडाला खळ नव्हता. “ललित घर उना म्हंजे खापरवरना पुरणना मांडा करसु.”

“कर.”

“त्याले पिवळा शर्ट लई आवडस, तो धुई ठेवसु.”

“ठेव.”

मास्तर खिडकीकडे तोंड करून बसले. पोटच्या पोराचं मरण असं एकट्यानं गिळायचं, वैऱ्यावरही ही पाळी येऊ नये.

एरंडोल मागे पडलं. ताईबाईंनी नवऱ्याचा हात आपल्या मांडीवर ओढून घट्ट धरला.

“मास्तर,” त्या हळूच म्हणाल्या, “अठ्ठ्याहत्तर नंतर एकोणनव्वद येस का हो?”