साळुंकीचा निरोप

मला मामा नाही, असंच मी लहानपणापासून धरून चालले होते. आई दर भाऊबीजेला चंद्रालाच ओवाळायची.

यंदा ती आमच्याकडे परदेशात, टाकानिनीला होती. संध्याकाळभर ढग हटले नाहीत. ओवाळणीचं तबक मांडीवर घेऊन ती घरामागच्या लाकडी डेकवर बसून राहिली. शेजारी माझी इरावती फ्लूट वाजवत होती. शाळेच्या कॉन्सर्टमध्ये तिला एकटीला वाजवायचं होतं.

"कसलं गं हे गाणं?" आईने नातीला विचारलं.

"गाणं नाही आजी, स्टोरी आहे. वेल्सची, हीप्स जुनी, खूप खूप. एका प्रिन्सेसचं लग्न समुद्रापलीकडे होतं. तिथे तिचे खूप हाल करतात. मग ती एका बर्डला बोलायला शिकवते, आपल्या साळुंकीसारख्या, आणि भावाकडे पाठवते. मी वाजवते ना, ती त्या बर्डची फ्लाइट आहे."

"पोचते ती साळुंकी?"

"ऑफ कोर्स! आणि भाऊ लगेच निघतो, जहाजं घेऊन."

आईने तबक मांडीवरून खाली ठेवलं. मग मला म्हणाली, "एक फोन लाव." आणि कुठेही न बघता तिने दहा आकडे सांगितले.

"कोणाचा नंबर?"

"लाव तर."

पलीकडून 'हॅलो' आलं. "ऐक," आई एवढंच म्हणाली आणि फोन इरावतीसमोर धरला.

इरावतीने सगळं वाजवलं. संपल्यावर पलीकडे कोणीतरी घसा साफ केला.

"ताई," एक म्हातारा आवाज म्हणाला, "कुठे येऊ, सांग."