पुढच्या तिमाहीत बघू

नमुन्याच्या बाटलीच्या तळाशी मागच्या तिमाहीत दोन मिलिमीटर गाळ होता, या वेळी तीन. बोईसरच्या आमच्या रंगांच्या कारखान्यात निळ्या रंगाची चौदा पिंपं तीन वर्षं न विकता पडून आहेत. प्रयोगशाळा माझ्याकडे, म्हणून माल चांगला की खराब हे दर तिमाहीला मीच लिहून द्यायचं. एम.एस्सी.ची सगळी विद्वत्ता पणाला लावून मी दर वेळी लिहिते, ‘निरीक्षणाखाली’.

“मॅडम, आपली कंपनी शेअर बाजारात आहे,” अकाउंट्सचा मेहुल म्हणाला. “माल खराब असेल तर तोटा त्याच तिमाहीच्या निकालात दाखवावा लागतो, मार्चपर्यंत थांबता येत नाही. आणि एकदा दाखवला की माल कुणी बिघडवला याची चौकशी होणार.”

“मग आणखी एकदा तपासते,” मी म्हणाले. तपासायचं काही उरलं नव्हतं, पण तपासणीइतकी सुरक्षित जागा अख्ख्या कारखान्यात नाही.

गोदाम सांभाळणारे एडवणचे दामूकाका या महिन्यात रिटायर होतायत. ते शेजारीच उभे होते. “खराब लिवा, मॅडम,” ते हळूच म्हणाले. “झाकणं माझ्याकडूनच सैल रायली असतील. मी तर घरी चाललो, मला कोण काय बोलनार हाय?”

 

“मेहुल, किंमत शून्य लिही,” मी म्हणाले. “झाकणं घट्टच होती. रंगाची कृती माझी होती, आणि ती चुकली होती.”