एकच रेघ

शकुंतलाबाईंनी पिठाची पिशवी रुद्रप्पांपुढे ठेवली आणि यात गहू आहे, असं शांतपणे सांगितलं.

रुद्रप्पांनी गिरणी बंद केली. सोलापूरच्या बाळीवेशीत पस्तीस वर्षं ते दळत होते. पिठात भेसळ आहे, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ज्वारी तर बाईंनीच आणली होती आणि समोर उभं राहून दळून नेली होती.

बाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. त्यांच्या सहा वर्षांच्या नातीला गव्हातलं ग्लुटेन चालत नव्हतं. चिमूटभर पोटात गेलं तरी पोर आठवडाभर अंथरूण धरायची. म्हणून घरात येणारं प्रत्येक पीठ त्या आधी तपासत.

ग्लुटेन म्हणजे काय, ते रुद्रप्पांना ठाऊक नव्हतं. बाईंनी तिथंच कणकेची गोळी मळून पाण्यात धुतली. पांढरं पाणी निघून गेलं आणि तळहातावर रबरासारखा चिवट लगदा उरला. ज्वारीच्या पिठाची गोळी मात्र पाण्यात सगळीच विरघळून गेली. तो लगदा म्हणजेच ग्लुटेन. पण कणभर असेल तर असं दिसत नाही, म्हणून त्यांनी पर्समधून एक पट्टी काढली, पिठाच्या द्रावणात बुडवली आणि दहा मिनिटं थांबल्या. पट्टीवर दोन गुलाबी रेघा उमटल्या. एक रेघ म्हणजे पीठ चांगलं, दोन म्हणजे ग्लुटेन आहे.

आपण गव्हाच्याच जात्यावर ज्वारी दळतो, हे रुद्रप्पांनी कबूल केलं. जमणार नसेल तर राहू द्या, बाई म्हणाल्या. ते रुद्रप्पांना फार लागलं.

"रुद्रप्पाच्या गिरणीत जमत न्हाय असं न्हाय, बाई. पुढच्या आयतवारी या."

त्यांनी जात्याचे दगड उतरवून ब्रशानं घासले. पहिली पाच किलो ज्वारी दळून म्हशीला घातली. रविवारी पट्टीवर पुन्हा दोन रेघा आल्या. मग गिरणीच्या तोंडाला बांधलेली कापडी पिशवी बदलली. तरी दोन, दुसरी जरा फिकी. दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी चष्मा लावून ज्वारीच सुपात पसरली, तर बाजारातून आलेल्या त्या ज्वारीतच गव्हाचे सात दाणे निघाले.

शेवटी मागच्या खोलीत त्यांनी नवी छोटी चक्की बसवली. चाळणी नवी, सूप नवं. ज्वारी स्वतः निवडायची. पुढच्या गिरणीतल्या माणसानं उंबरा ओलांडायचा नाही. स्वतः रुद्रप्पा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालूनच आत जात. पूजेलासुद्धा तुम्ही एवढं सोवळं पाळत नाही, असं बायको हसून म्हणाली.

चौथ्या रविवारी बाईंनी पट्टी बुडवली. रुद्रप्पा घड्याळाकडे बघत उभे राहिले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली.

एकच रेघ.

रुद्रप्पांनी ती पट्टी हातात घेतली आणि दळणाला आलेल्या सगळ्यांना दाखवली. आपल्या गिरणीत आता आजारी लेकरालाही चालेल असं पीठ निघतं, असं प्रत्येकाला सांगितलं. कल्लप्पा शिंप्याला तर दोनदा सांगितलं. पिशवीचं तोंड त्यांनी स्वतः बांधलं आणि मग महिनाभर मनात असलेलं विचारलं.

"बाई, जुळे सोलापूरवरनं हितवर येता. वाटंत धा गिरण्या हायत. त्यापेक्षा घरघंटी घ्या की एक."

"घरघंटी आहे घरी."

"मग?"

बाईंनी पिशवी उचलून छातीशी धरली.

"सून ऐकत नाही. आमच्या घरी लग्न केलं म्हणून नऊ वर्षं तुम्ही तिच्याशी बोलला नाहीत, तरी दानेश्वरी म्हणते, पोरीला भाकरी घालीन तर माझ्या अप्पांच्या गिरणीतल्या पिठाचीच."