साहेबाची भूमिका

सलिलने चाबूक उगारला, तोंड उघडलं आणि वाक्य पुन्हा विसरला. पायाशी ओणवा पडलेला धम्मपाल मार खायला तयार होता. मारणाराच ततपप करत होता.

दिग्दर्शक शेखरने तालीम थांबवली. रविवारची सकाळ होती. कासारवाडीतला भाड्याचा हॉल दुपारपर्यंतच मिळाला होता आणि कंपन्यांच्या नाट्यस्पर्धेतला त्यांचा प्रयोग आठवड्यावर आला होता. आजही हा प्रवेश बसला नाही तर साहेबाची भूमिका सलिलकडून काढून घेईन, असं त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

नाटक शंभर वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी कादंबरीवर बेतलं होतं. आफ्रिकेतल्या नदीकाठी रबराचा मळा, मळ्याचा गोरा साहेब आणि त्याचे काळे हमाल. कादंबरीत साहेबाच्या कुत्र्याला नाव होतं, हमालांना नव्हतं. त्यांचा उल्लेख जनावरं, माकडं, काळी घाण असाच. ते बोलत नाहीत, गुरगुरतात. असलं पुस्तक जग अभिजात म्हणून डोक्यावर घेतं, याचा शेखरला संताप होता. ते ढोंग फोडायचं म्हणूनच त्याने ते निवडलं होतं. शब्द जरा सौम्य करू या, असं सलिलने सुचवलं तेव्हा नको म्हणाला तो धम्मपालच. लोकांना ऐकू देत, घशाखाली उतरवणं जड जाऊ दे, असं त्याचं म्हणणं.

दोघं चाकणच्या एकाच कंपनीतले. सलिल वाकडला राहणारा इंजिनिअर, धम्मपाल दापोडीचा, पेंट शॉपचा सुपरवायझर. दोस्ती जुनी. धम्मपालच्या लग्नाला पांढरा शर्ट घालून विहारात सगळ्यांच्या आधी सलिल हजर होता. आम्ही एका डब्यात जेवतो, हे तो चारचौघांत आवर्जून सांगायचा. ते सांगावं का लागतं, हे त्याला कधी कुणी विचारलं नाही. साहेबाचे शब्द तोंडात बसत नाहीत याचं त्याला वाईट वाटे, तसं थोडं बरंही वाटे. आपल्यावर तसले संस्कारच नाहीत, असं तो साधनाला म्हणाला होता. साधना विंगेत बसून विसरलेली वाक्यं पुरवायची.

प्रवेश पुन्हा सुरू झाला. चाबूक म्हणजे एका जुन्या मशीनचा रबरी पट्टा. तो धम्मपालच्या शेजारी जमिनीवर आपटायचा, असं ठरलेलं. शेखरला ते खोटं वाटलं. मग धम्मपालच्या शर्टाखाली स्पंज कोंबला आणि पट्टा पाठीवर बसू लागला. आधी हवेत जाणारी लाथ कमरेला लागू लागली. धम्मपालची कोपरं फरशीवर सोलवटली, तरी तो जागचा हलला नाही. मार रे सल्या, मी काय मोडत नाही, म्हणाला. सलिल मारत होता, पण "काळ्या" म्हटलं की पुढे गाडी जात नव्हती. साधना वाक्य पुरवून पुरवून थकली.

शेखर तरातरा स्टेजवर आला आणि सलिलच्या छातीवर बोट आपटत म्हणाला, "तुला तो माणूस दिसतोय. तिथंच तुझं घोडं पेंड खातंय."

सलिल चिडला. पुढचा पट्टा त्याने जोरात हाणला आणि तो पाठीऐवजी धम्मपालच्या कानावर बसला. कान फाटला, रक्त मानेवर ओघळलं. धम्मपालने विचार केलाच नाही. त्याने पट्टा पकडला आणि हिसडला. सलिल सगळ्यांसमोर तोंडावर आपटला. ओठ फुटला. विंगेत कुणीतरी फिसकन हसलं.

सलिल उठला तो अंगात आल्यासारखा. त्याने धम्मपालच्या बरगडीत लाथ घातली. दुसरी घातली. तिसरी पोटात. मग केस धरून त्याचं तोंड फरशीवर दाबलं आणि एक शब्द त्याच्यावर थुंकला. अडखळला नाही, विंगेकडे पाहिलं नाही.

तो शब्द नाटकात नव्हता. कादंबरीतही नव्हता, कारण तो आफ्रिकेतला नव्हता. इथला होता, धम्मपालच्या जातीवरचा होता. तो उच्चारला तर तुरुंग आहे. इथे लिहीत नाही. वाचणाऱ्याला तो ठाऊक आहे. सलिलने उभ्या आयुष्यात तो कधी वापरला नव्हता. लहानपणी घरात ऐकला असेल, पानावर बसल्या बसल्या, कुणीतरी हसत हसत बोललेला.

फक्त शेखर टाळ्या वाजवत पुढे आला.

"हां, हेच पाहिजे होतं मला. साधना, तो शब्द लिहून घे, आपण ठेवू तो."

साधनाने पेन बंद केलं.

सलिलने हातातले केस सोडले. स्वतःचीच त्याला किळस आली. भूमिका वाचली होती, पण आता तिच्याशी त्याला काही देणंघेणं उरलं नव्हतं. समोर दोस्त रक्त गाळत पडला होता, आणि तो आपल्याकडे बघत का नाही, एवढीच भीती होती. त्याने गुडघे टेकले, रुमाल पुढे केला आणि म्हणाला, "चुकून गेला रे तोंडातून. आईशपथ, चुकून."

धम्मपालने रुमाल घेतला नाही. बरगडी धरून तो सावकाश उभा राहिला. शर्टाखालचा स्पंज ओढून काढला आणि खाली टाकला.

"चुकत होते ते पुस्तकातले शब्द, सलिल. हा तर न चुकता आला."