रोजचा खेळ

मंदीत बंद पडलेल्या पोलादाच्या कारखान्याचं सरकारी अनुदानातून संग्रहालय झालं, आणि वेल्सच्या त्या दरीत पुन्हा रोजगार आला म्हणून मंत्र्यांनी भाषण ठोकलं. त्यातला एक रोजगार एमरिसच्या वाट्याला आला. जन्मभर भट्टीवर राबलेल्या एमरिसला आता पर्यटकांसमोर भट्टीवरचा कामगार व्हायचं होतं. त्याला कामावरून काढणारे पॅरीसाहेब मात्र पॅरीसाहेबच होणार होते.

रोज दुपारी पॅरी खोक्यावर चढून पर्यटकांकडे बघत गरजायचे, "उद्यापासून कोणी कामावर यायचं नाही!" मग एमरिसनं टोपी त्यांच्या पायांशी आपटून शिव्या द्यायच्या. हे काम तो अगदी मन लावून करी.

"जरा कमी दे रे," चहाच्या वेळी एकदा पॅरी कुरकुरले. "समोर लोकांची लेकरं असतात."

"माझीही होती की घरी, साहेब. तेव्हा तुम्ही मान खाली घालून गाडीत बसलात. आता खोटं खोटं कामावरून काढताय, तर निदान माझ्याकडे बघून तरी काढा!"



शनिवारी खोक्यावर चढल्यावर त्यांनी पर्यटकांकडे पाहिलंच नाही. सरळ एमरिसच्या डोळ्यांत बघून ते हळू आवाजात म्हणाले, "एमरिस, अनुदान बंद झालं. उद्यापासून आपण कोणीच यायचं नाही."

टोपी एमरिसच्या हातातच राहिली. तोंडून एकही शिवी निघेना.


बाकांवरचे पर्यटक उठून उभे राहिले, आणि कधी नव्हे इतक्या टाळ्या पडल्या.